दोन डाव्या बाह्यांचा शर्ट

आत्या समोरच्या दुकानदाराच्या पाया पडली, ढसाढसा रडली आणि त्याने दया येऊन तिचा कारखाना वाचवला, असं गल्लीत बोललं जातं. साफ खोटं! ती पाया पडली असती तर त्याची नक्कल मी आजवर पन्नासदा करून दाखवली असती.

आत्या शाळांचे गणवेश शिवते. हाताखाली नऊ माणसं. समोरचाही तेच शिवतो, म्हणून तो शत्रू. "आज हल्ला चढवायचा! एकही शाळा शत्रूच्या हाती जाता कामा नये!" हे रोजचं. चूक करणारा थेट फितूर. मी हा आवाज काढला की शिवणाऱ्या ताया मशीन थांबवून हसायच्या.

यंदा सगळ्यात मोठी शाळा मिळाली. सोमवारी चारशे शर्ट द्यायचे. नाही दिले तर शाळा हातची जाणार आणि निम्म्या माणसांचं कामही. शुक्रवारी बाह्या जोडायला घेतल्या, तर सगळ्या डाव्या! कटिंगमास्तरांनी कापडाचे थर एक सुलटा, एक उलटा घालायचे सोडून सगळे सुलटेच घातले होते.

"कधी कळलं?" आत्याने मास्तरांना विचारलं.

"बुधवारी, ताई."

"मग बोलला का नाहीत?"

"फितूर कोण होणार?"

दोन्ही डाव्या बाह्या लावलेला एक शर्ट उचलून आत्याने रस्ता ओलांडला. मी मागे.

"दादा, हे निळं कापड आहे का तुमच्याकडे? उजव्या बाह्या कापायच्यात."

त्याने शर्ट उलटसुलट पाहिला. "या शाळेतली पोरं एकाच बाजूला वळतात का?" मग पोट धरून हसला. "गेल्या वर्षी मी सगळे खिसे उजवीकडे लावले होते. दोन दिवस शटर ओढून उसवत बसलो. म्हटलं, तुम्हाला कळायला नको!"

कापड मिळालं. त्याचं बटणांच्या काजांचं मशीन बंद होतं, म्हणून त्याची काजं आमच्याकडे झाली. रविवारी शेवटचा गठ्ठा बांधला तेव्हा मास्तर जमिनीवरच आडवे झाले. "यापुढे चुकलात की लगेच सांगा," आत्या म्हणाली. "मी ओरडेन, पण आधी ऐकेन."

मी पैज लावली: महिनाभर 'शत्रू' न म्हणता ही राहूच शकत नाही. हरले तर दोनशे शर्टांची बटणं माझ्याकडे, जिंकले तर तिच्याकडे.

एकोणतिसाव्या दिवशी समोरच्याने आमची एक जुनी शाळा पळवली. मी सुईदोरा नाचवत आत्यासमोर उभी राहिले. ती लालबुंद झाली, दात खाल्ले, तोंड उघडलं...

"जा, दादांना विचारून ये. काजं आपल्याकडे टाकणार का?"

सध्या एकशेबारावं बटण लावतेय.