सायकलवर पाठ दुखत नसे

फोन आला तेव्हा मी निपाणीत, शाळेच्या व्हरांड्यात प्रार्थनेसाठी मुलांच्या रांगा लावत होते. फोन रेणुकावैनींचा होता. "शालन, ये की गं..." एवढंच त्या म्हणाल्या. दुपारी बेळगावजवळच्या कडोलीला, अण्णाच्या घरी पोचले तेव्हा अंगणात त्याच्या मच्छे गावातल्या फाउंड्रीतली माणसं जमली होती. अण्णाची शिफ्ट, दुसरी शिफ्ट, ऑफिसातले दोघे-तिघे... आणि जो तो एकच वाक्य बोलत होता. "एवढा तब्येतीला जपणारा माणूस!" कुणी म्हणे, "रोज चाळीस किलोमीटर सायकल मारायचा की वो. त्यालाच कसं काय हे?" वैनी माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं होतं. हे वाक्य कानावर पडलं की त्यांची पकड घट्ट व्हायची. का, ते त्या घरात आम्हा दोघींनाच माहीत होतं. आज सात आठवड्यांनी ते लिहायला बसले आहे.

परशराम माझा थोरला भाऊ, माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णाच म्हणायचे. मच्छ्याच्या एका फाउंड्रीत तो तीस वर्षं मशिनवर होता. घरची शेती धाकट्या काकांच्या मुलांनी सांभाळली, अण्णानं लोखंड सांभाळलं. आणि खाणं... खाण्यावर त्याचा जीव होता. त्याचा चार पुडांचा डबा फाउंड्रीत प्रसिद्ध होता. तो संपवून पुन्हा कँटीनची भजी, चार वाजता उप्पीट, गाडीवरून घरी येताना बेळगावच्या कॅम्पात कुठंतरी थांबून आणखी काहीतरी. गावात साहित्य संमेलन असलं की तो जेवणाच्या दोन पंक्तींना बसायचा आणि दुसऱ्या पंक्तीत वाढपी हसले तर स्वतःही हसायचा. वजन अठ्ठ्याण्णव किलो. मग कंपनीच्या तपासणीत शुगर निघाली.

आमच्या घरात शुगर हा नुसता शब्द नव्हता. आमच्या वडिलांचं, आप्पांचं, डाव्या पायाचं बोट त्यातच कापावं लागलं होतं, पुढं पाऊलही. ती पट्टी बदलायचं काम अण्णानं दोन वर्षं केलं होतं. म्हणून रिपोर्ट हातात आल्यावर तो घाबरला. मला फोनवर म्हणाला, "शाले, माझं पाय मी कुणाला धुवायला देणार न्हाय बघ." त्याच आठवड्यात कॅम्पातल्या एका जवानाची बदली झाली आणि त्यानं विकायला काढलेली सायकल अण्णा घेऊन आला. पहिल्या दिवशी हायवेपर्यंत जाताना तीनदा उतरला. परत येताना सायकल हातात धरून चालत आला. वैनी सांगायच्या, दारात आल्यावर त्याला पाणी प्यायलाही दम नव्हता. पण दुसऱ्या दिवशी पहाटे तो पुन्हा निघाला.

त्याला खायला कुणी शिकवलं असेल तर त्या सायकलनं. डॉक्टरांनी दिलेला छापील कागद वैनींनी फळीवर ठेवला होता, तो तिथंच पिवळा पडला. अण्णा म्हणायचा, "पोट तट्ट भरून निघालो की चढावर लगेच कळतंय. सायकल खोटं बोलत न्हाय." मग भात सुटला, भजी सुटली. डब्याचे चार पूड होते त्यातले दोन फळीवर गेले. सहा महिन्यांत तो कडोलीहून मच्छ्याला कामावर सायकलनंच जायला लागला, शहर ओलांडून, कॅम्पातून, जाऊन-येऊन चाळीस किलोमीटर. दर शनिवारी फाउंड्रीतल्या भंगार मोजायच्या काट्यावर तो उभा राहायचा आणि सगळी शिफ्ट भोवती जमायची. दोन वर्षांत ब्याऐंशी किलो झालं. शुगर आटोक्यात आली. डॉक्टरांनी त्याचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आता एवढंच राहू दे. आणखी उतरायची गरज नाही." शिफ्टमधल्या चौघांनी त्याचं बघून सायकली घेतल्या. त्या दोन वर्षांबद्दल मला आजही काही वाईट म्हणवत नाही. ती त्याची कमाई होती.

डॉक्टरांनी थांब म्हटलं... काटा थांबला नाही.

दिवाळी झाल्यावर एका रविवारी सकाळी दहाच्या सुमारास निपाणीत माझ्या दारात एक माणूस सायकल टेकवून उभा राहिला. डोक्याला हेल्मेट, गालाची हाडं वर आलेली, गळ्याच्या शिरा दिसणाऱ्या. मी दार अर्धंच उघडलं आणि विचारलं, "कोण पाहिजे?" तो इतका हसला की त्याला खोकला लागला. बेळगावहून वंटमुरी, संकेश्वर करत, तवंदीचा घाट उतरून अण्णा सायकलनं माझ्याकडं आला होता! मी शेजारच्या बायकांना हाका मारून बोलावलं. माझा भाऊ बघा, वय चौपन्न, अठ्ठ्याण्णवचे चौऱ्याहत्तर केलेत, असं मीच सगळ्यांना सांगितलं. सख्ख्या भावाला आपण 'कोण पाहिजे' म्हणून विचारलं, याचा मला त्या दिवशी अभिमान वाटला. आता ते दोन शब्द आठवले की अंगावर काटा येतो.

त्या दिवशी मी तांबडा रस्सा केला होता, त्याच्या आवडीचा. अर्धी भाकरी खाऊन तो थांबला. "आजकाल लगेच पोट भरतंय गं," म्हणाला. मला वाटलं, केवढा हा निग्रह. जेवणानंतर तो नीट टेकून बसेना. खुर्चीच्या कडेला येऊन, पोटाशी उशी धरून, पुढं वाकून बसला.

"काय झालं रे?"

"पाठ धरल्या जरा. सीटचा त्रास असंल. पण गंमत बघ, आडवं झालो की दुखतंय आणि सायकलवर वाकलो की दुखत न्हाय. अजिबात न्हाय."

"मग उतरूच नको की सायकलवरनं," मी म्हणाले. आम्ही दोघंही हसलो.

ते वाक्य माझं होतं. आणि त्यानं ते मानलं. पुढच्या दोन महिन्यांत तो सुट्टीच्या दिवशीही निघायला लागला, कधी खानापूरकडं, कधी नुसताच हायवेनं. वैनी म्हणायच्या, घरी आला की उतरल्यावर दोन मिनिटं हँडल धरून तसाच वाकून उभा राहतोय. शिफ्टमधली पोरं त्याला 'आमचा चॅम्पियन' म्हणायची. तो वेदनेपासून पळत होता, आणि आम्ही कडेला उभं राहून टाळ्या वाजवत होतो.

संक्रांतीनंतर टँकरचं पाणी सांडलेल्या रस्त्यावर घसरून त्याचा हात मोडला. महिनाभर प्लास्टर, सायकल बंद. ते दिवस लग्नाचे होते. भावकीत तीन लग्नं, जेवणावळी, आणि घरात वैनी तूप घालून शिरा करून द्यायच्या. हाड जुळायला पाहिजे म्हणून अण्णाही बसून खायचा. महिन्यानं तो फाउंड्रीत गेला, भंगाराच्या काट्यावर उभा राहिला, आणि काट्यानं साडेचार किलो कमी दाखवलं. कुणीतरी ओरडलं म्हणे, "लागली बघ सवय अंगाला! न चालवता पण उतरायलंय!" टाळ्या पडल्या. अण्णानं ते मला फोन करून सांगितलं. त्याचा आवाज मला जरासा वेगळा वाटला होता... की आता वाटतोय, कोण जाणे. मी म्हणाले, "छान झालं की."

त्याच संध्याकाळी वैनींचा फोन आला. त्या हळू बोलत होत्या, अण्णा आतल्या खोलीत असणार.

"शालन, हे बरोबर न्हाय गं. घरात बसलेत, खायलेत, आणि तरी कमीच व्हायलेत. पँट कमरेवर थांबंना. दिवसभर पोटाशी हात धरून वाकलेले असतेत. मोठ्या डॉक्टरला दाखवूया म्हटलं तर मला उडवून लावलेत. तू सांग. तुझं ऐकतेत ते."

मी काय म्हणाले ते शब्दाला शब्द मला आठवतं. "वैनी, तुमाला त्याला बारीक बघायची सवय न्हाय, एवढंच हाय. लोक जिमला जाऊन घाम गाळतेत तरी एक किलो हलत न्हाय. चांगलं चाललंय, त्याला भिवडवू नका."

मग त्या म्हणाल्या, "बरं." आणि फोन ठेवला.

एप्रिलात माझ्या मुलीचा साखरपुडा निपाणीत झाला. मंडपात उकाड्यानं सगळे पदरानं वारा घेत होते. अण्णा पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून आला. मला तो जरा भरल्यासारखा वाटला. मी हरखून वैनींना म्हटलं, "बघा, उगीच काळजी करत होता. खांदे भरलेत की त्याचे." वैनींनी माझ्याकडं बघितलं. आणि त्या पाहुण्यांना पाणी द्यायला उठून गेल्या.

महिन्याभरात त्याचे डोळे पिवळे झाले. मग कुणालाच काही समजावून सांगावं लागलं नाही. बेळगावच्या दवाखान्यात नेलं तेव्हा मीही गेले. स्कॅनसाठी नर्स म्हणाली, शर्ट काढा. अण्णानं बटणं सोडायला सुरुवात केली. शर्टाखाली दुसरा शर्ट होता. त्याच्याखाली तिसरा. मग बनियन. आणि त्याच्याखाली जे होतं, तो माझा भाऊ होता... बरगड्या मोजता येत होत्या. चोरी पकडल्यासारखा अण्णा माझ्याकडं बघून म्हणाला, "थंडी वाजती गं." बाहेर मे महिन्याचं ऊन होतं. वैनी खाली बघून शर्टांच्या घड्या घालत होत्या. पुटपुटल्यासारखं म्हणाल्या, "तीन महिनं झालं. मी धुतोय की." त्यांना सगळं माहीत होतं. अण्णालाही काहीतरी कळलेलं होतं, ते तो आमच्यापासून अंगावर शर्ट चढवून लपवत होता. माहीत नव्हतं ते मला एकटीला, कारण मला माहीत करून घ्यायचं नव्हतं.

स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर तरुण होते, सावकाश बोलत होते. जठराच्या मागं असतं हे, म्हणून पाठीत दुखतं, म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पुढं वाकलं की बरं वाटायचं का?" अण्णा एकदम खुलला. कुणीतरी आपल्याला ओळखलं, असं त्याला झालं असावं. "व्हय डॉक्टर! सायकलवर तर कायच दुखत न्हवतं." डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. बाहेर आल्यावर मी त्यांना विचारलं की सायकलनं असं झालं का. ते म्हणाले, "नाही बाई. सायकलनं त्यांचं भलंच केलं. सुरुवातीचं वजन सायकलनं उतरलं असेल. शेवटचं मात्र आजारानं उतरवलं." कधीपासून, ते त्यांनाही सांगता येईना. आधी आणलं असतं तर... हेही मी विचारलं. त्यांनी एवढंच म्हटलं की या आजारात तसं ठामपणे कुणी सांगू शकत नाही. त्या उत्तरानं मला सोडवलंही नाही आणि बांधूनही घातलं नाही. ते तसंच लोंबकळत राहिलं आहे.

शेवटच्या भेटीत मी त्याच्यासाठी पुरणपोळ्या करून नेल्या होत्या. तो पुढं ओढलेल्या उशांवर हात टाकून, सायकलवर बसावं तसा वाकून बसला होता. आडवं होता येत नव्हतं. "आता डॉक्टरनं मला काय पण खा म्हटलंय बघ," तो म्हणाला, "आणि आता आत जाईना." त्यानं पोळी हातात घेतली, वास घेतला आणि ताटली माझ्याकडं सरकवली. "तू खा. माझ्यासमोर बसून खा." मी खाल्ली. तो माझ्या प्रत्येक घासाकडं बघत होता, म्हणून मी खाल्ली. "सावकाश," तो म्हणाला. "घाई कसली हाय तुला?"

त्यानंतर नऊ दिवसांनी तो गेला.

पुन्हा शाळेत जायला लागल्यावर आमच्या स्टाफरूममध्ये एका बाईंचं कौतुक चाललेलं ऐकलं. किती बारीक झालात, काय करता, आम्हालाही सांगा. त्या रोज सकाळी चालायला जायच्या. मी चहाचा कप ठेवला आणि विचारलं, "अजून जाता चालायला?" त्या म्हणाल्या, "कुठलं? गुडघ्यामुळं दोन महिने बंद आहे." मग मला गप्प बसवेना. सगळ्यांसमोर मी त्यांना भूक लागते का, पाठ दुखते का, आडवं झाल्यावर दुखतं का, असं विचारत सुटले. त्यांचा चेहरा पांढरा पडला. मी त्यांच्या नवऱ्यालाही फोन केला. बाईंनी तपासण्या करून घेतल्या. सगळं व्यवस्थित निघालं. त्या आता माझ्याशी बोलत नाहीत, दोन खुर्च्या सोडून बसतात. चालेल.

गेल्या रविवारी हे मी वैनींना फोनवर सांगितलं. त्या एकट्याच असतात कडोलीत, परसातल्या पायरीवर बसून बोलतात, मागून कोंबड्यांचा आवाज येत असतो. सगळं ऐकून घेतलं त्यांनी.

"बरं केलीस," म्हणाल्या. मग, अगदी साध्या आवाजात, "माझं पण असंच ऐकायचं होतंस, शालन."

"व्हय वैनी," मी म्हणाले.

पायरीवरून त्या उठल्याचा आवाज आला, पाण्याचा आवाज आला. फोन त्यांनी ठेवला नव्हता. मीही ठेवला नाही.