काटिया

कंपनीच्या बसमध्ये ड्रायव्हर उदबत्ती लावतो, तिचा धूर डिझेलच्या वासात मिसळला की मला चाकणमधले माझे पहिले महिने आठवतात. लातूरला माझ्याच क्लासमध्ये शिकलेला एक मित्र माझ्यासोबतच त्या कंपनीत लागला होता. गाडीच्या पार्टचं डिझाइन ज्या सॉफ्टवेअरवर करतात, त्याला आमचे क्लासचे सर ‘काटिया’ म्हणायचे, म्हणून आम्हीही काटियाच म्हणायचो. चाकणला सगळे ‘कॅटिया’ म्हणत. पहिल्याच मीटिंगमध्ये मी काटिया म्हणालो आणि टेबलाभोवती हसू फिरलं. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण शेजारी तो बसला होता. मग साहेबांनी त्याला डिझाइन कशात केलंय ते विचारलं, तेव्हा तो ताठ बसून म्हणाला, “सर, मी कॅटियामध्येच केलंय.” साहेबांपुढे तसं बोलावं लागतं, मी मनाची समजूत घातली. संध्याकाळी बसमध्ये त्यानं नेहमीसारखी माझ्यासाठी खिडकी धरली, डब्यात उरलेली शेंगदाण्याची चटणी पुढं केली आणि म्हणाला, “काय गप गप बसलास, भावा? कॅटिया चांगलं येतंय की तुला.” तिथं तर आम्हा दोघांशिवाय ऐकणारं कुणीच नव्हतं. मी चिखलीचा स्टॉप येईपर्यंत बाहेर बघत राहिलो. आता मीही कॅटियाच म्हणतो, जिभेला सवय झालीय. परवा नव्यानं लागलेली एक मुलगी भर मीटिंगमध्ये ‘काटिया’ म्हणाली, सगळे हसले, आणि मला कुणीतरी घरच्या नावानं हाक मारल्यासारखं झालं. ओ मात्र दिली गेली नाही.