वहिनी संपली

त्या बारमध्ये जिनच्या एका पेयाला सगळे ‘वहिनी’ म्हणत. कार्डावर भलतंच ऐटबाज नाव छापलेलं होतं. पण त्यातला मोगऱ्याचा पाक, काउंटरवर पेयं बनवणाऱ्या बारवाल्याची बायको घरी करून द्यायची. कोपऱ्यातल्या टेबलावरच्या शिंप्याने एकदा “दोन वहिनी, बर्फ कमी” अशी ऑर्डर सोडली आणि बारसं उरकलं. जिन, लिंबू, पाक, वरून सोडा आणि तरंगती कळी. वहिनींच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मला लोक पितात? तरीच मी वाळत चाललेय.” स्वतः त्यांनी जिनला कधी तोंड लावलं नाही. सुई टोचायच्या आधी दंडाला लावतात ना, तसला वास येतो म्हणायच्या.

त्या गेल्या. घरात पाकाच्या भरलेल्या बाटल्या होत्या तोवर बारमध्ये वहिनी मिळत राहिली. मग एका संध्याकाळी शिंप्याने सवयीने विचारलं, “वहिनी आहे का?” आणि जीभ चावली.

ग्लास पुसता पुसता बारवाला म्हणाला, “संपली.”

बारचे मालक व्यवहारी माणूस. “कारखान्यातला पाक मिळतो, तोच घाल. नाव वहिनीच राहू दे. नावावर खपतं.”

बारवाल्याने फडकं खाली ठेवलं. कुठल्याशा कारखान्याची बाटली तिच्या नावाने ओतायची? “मी करून आणतो,” तो म्हणाला.

“शनिवारपर्यंत आण. नाहीतर बाटली.”

आता हा गडी मापाचा. जिनचा थेंब इकडचा तिकडे व्हायचा नाही. पण घरातली मापं सगळी बायकोच्या डोळ्यांत होती आणि डोळे तर मिटलेले. पहिल्या खेपेला त्याने फुलं साखरेबरोबर खळखळून उकळली. घरभर कोबी शिजल्यासारखा वास सुटला. सासरी असलेल्या मुलीला फोन लावला.

“बाबा, आई फुलं शिजवायची नाही,” ती म्हणाली. “पाक गार झाला की कळ्या टाकायची. झाकण लावलं की सकाळपर्यंत कुणालाही हात लावू द्यायची नाही. तुम्हाला तर नाहीच.”

दुसऱ्या खेपेला तसं केलं. पण मापाचा माणूस, राहवतंय कुठे. घटकेघटकेला झाकण उघडून चमचा बुडवायचा. सकाळी पातेल्यात नुसतं गोड पाणी.

शुक्रवारी त्याने रजा टाकली. दिवेलागणीला कळ्या टाकल्या, झाकण लावलं आणि चमचा घेऊन समोर बसला. थोड्या वेळाने हात आपसूक पुढे गेला.

“अहो, नका ना हात लावू.”

आवाज मागून आला. वैतागलेला, हजारदा सांगून दमलेला. त्याने वळून पाहिलं नाही. भीतीपेक्षा शरमच जास्त वाटली, चोरी पकडल्यासारखी. “नाही लावत,” म्हणत त्याने चमचा खाली ठेवला. मागचं स्टूल किंचित सरकलं, कुणी टेकावं तसं. मोगऱ्याचा वास कुठेच नव्हता. स्वयंपाकघरात त्या सुईआधीच्या औषधाचा वास भरला होता. तो उठला, भिंतीकडे तोंड ठेवून बाहेर आला आणि डोक्यावरून पांघरूण घेऊन पडला.

सकाळी झाकणावर दगडी खलबत्ता ठेवलेला होता. वजनाला ती तोच ठेवायची. ती दवाखान्यात गेल्यापासून तो माळ्यावर होता, आणि माळ्याची शिडी शेजाऱ्यांकडे. बारवाल्याने बोट फिरवून पाहिलं. धुळीचा कण नाही, पुसून लख्ख.

संध्याकाळी त्याने दोन ग्लास भरले. शिंप्याने एक घोट घेतला, खुर्चीत सरळ बसला आणि हळूच म्हणाला, “आल्या.”

“झकास,” मालकांनी मिटक्या मारल्या. “बाटली रद्द. पण कृती नव्या पोराला शिकवून ठेव बाबा.”

“शिकवतो,” बारवाला म्हणाला. “झाकण ठेवण्यापर्यंत. पुढचं मी करत नाही.”

मालकांना विनोद वाटला. ते खो खो हसले. शिंप्याने मात्र शेजारच्या खुर्चीवरची आपली पिशवी उचलली आणि मांडीवर घेतली.