आरतीला उभी राहिलेली गौरी

आज सकाळी देवपूजा झाल्यावर मी नेहमीप्रमाणे आरतीसाठी घंटा हातात घेतली. माझी मुलगी गौरी कॉलेजात शिकते. तिला ऑटिझम आहे. घंटेचा आवाज तिला कानात सुई टोचल्यासारखा वाटतो, म्हणून आरती सुरू झाली की ती घरामागच्या परड्यात जाऊन बसते.

आज मात्र ती गेली नाही. कान गच्च दाबून शेवटपर्यंत उभी राहिली. डोळ्यांतून पाणी येत होतं.

कागलहून आलेली माझी आक्का खूश झाली. "बघ की, जमतंय! सवय लावली की सगळं व्हतंय."

"जमत न्हाय, आत्या," गौरी म्हणाली. "सोसलं."

"मग उभारलीस कशाला गं?"

"पेटलेलं निरांजन जवळनं बघायचं हुतं. मी आत येते तवर ते विझलेलं असतंय."

देवाजवळ उभं राहण्यासाठी मी आयुष्यात कधी एवढं सोसलेलं मला तरी आठवत नाही. तुम्हाला आठवतं का?

घंटा थांबवावी असं बरेच दिवस मनात होतं, पण वडिलांपासूनची रीत मोडवत नव्हती. संध्याकाळी ती फडताळात ठेवली.

"घंटेबिगर आरती व्हय रं?" आक्का म्हणाली. टाळ्यांसाठी उचललेले हात मात्र तिनं जोडूनच ठेवले.

मी हळू आवाजात आरती म्हटली आणि पेटत्या निरांजनाचं तबक गौरीच्या हातात दिलं.