पारूमावशीची बाजारातली जागा

पारूमावशी मेली तेव्हा तिच्या डोक्यावर मेथीची पाटी होती.

‘देवाज्ञा झाली’ वगैरे मी लिहिणार नाही. देवाचा यात काही संबंध नव्हता. एका गाडीने तिला उडवलं आणि ती गाडी थांबलीसुद्धा नाही.

आज तिच्या जाण्याचा दिवस.

ती माझी सख्खी मावशी नव्हे. पिंपळगाव बसवंतच्या आठवडे बाजारात माझी आई लसूण-मिरच्या घेऊन बसायची आणि तिच्या शेजारी पारूमावशी, मेथी-शेपू-कोथिंबीर घेऊन. मला कळायला लागल्यापासून दोघींचं गोणपाटाला गोणपाट लागलेलं.

एकमेकींच्या घरी त्या कधी गेल्या नाहीत. बाजारातली मैत्री बाजारात.

पण मला पहिलं स्थळ आलं तेव्हा मुलाची चौकशी आईने पारूमावशीवरच सोपवली होती. मावशीने त्याला नापास केलं. विषय संपला.

आमच्या बाजारात तेव्हा ना ओटे, ना नंबर. जागा मात्र ठरलेल्या आणि सगळ्या गावाला पाठ. एखादीला यायला उशीर झाला तर शेजारणीने तिच्या जागेवर आपलं जादा गोणपाट अंथरायचं. त्यावर कुणी बसत नाही, पायही देत नाही. याला जागा धरणं म्हणतात.

आईने पारूमावशीची जागा किती वेळा धरली असेल, तिलाच ठाऊक. कारण मावशीचं गाव हायवेच्या पलीकडे.

त्या हायवेच्या जिवावर आमचं गाव मोठं झालं, हेही खरं. तो होता म्हणून कांदा आला, द्राक्षं आली, व्यापारी आले, कोल्ड स्टोरेज आली.

नव्वदच्या दशकात तो साधा रस्ता होता. बाजारच्या दिवशी ट्रकवाले आपोआप हळू व्हायचे. आज पिंपळगावचा बाजार, बाया आडव्या येणार, हे त्यांना माहीत असायचं. काही जण उतरून भाजीही घ्यायचे. मावशी त्यांना शिव्या द्यायची आणि वर एक जुडी जास्तीची द्यायची.

मग रस्ता रुंद झाला. मध्ये डिव्हायडर आला.

नव्या गाड्या आल्या. काचा बंद, एसी चालू. आमचा बाजार कधी असतो हे त्यांना माहीत असायचं काही कारणच नव्हतं.

ओलांडायला जागा दिली होती, पण लांब. लोकांनी जुन्या वाटेवरच डिव्हायडरला फट पाडली. बाया तिथूनच यायच्या.

मावशी एकदा आईला म्हणाली होती, “आताच्या गाड्यांना आवाजच नाय गं. अंगावर येस्तोवर कळत नाय.”

आईने तिला टेम्पोने यायला सांगितलं. टेम्पो भरल्याशिवाय निघत नाही आणि तोवर मेथी मान टाकते, असं मावशीचं म्हणणं.

“मग सावकाश ये,” आई म्हणाली. “जागा मी धरते.”

त्या दिवशीही धरली होती. मी कॉलेजच्या सुट्टीत नाशिकहून आले होते. गोणपाट मीच अंथरलं.

ऊन चढलं तरी मावशी आली नाही. मग तिच्या गावचा एक माणूस आला, आईसमोर उकिडवा बसला आणि हळू आवाजात सांगितलं. रस्ताभर मेथी झाली होती म्हणाला.

आई रडली नाही. समोरच्या गिऱ्हाइकाचा लसूण अर्धा तोलून झाला होता. तो तिने पुरा तोलला.

बाजारही थांबला नाही. कांद्याचे ट्रॅक्टर, टेम्पोचे हॉर्न, भेळवाल्याची आरोळी, सगळं चालू. आमचं गाव असंच आहे. कुणाच्याही मरणाने त्याच्या बाजारात खंड पडत नाही.

दुपारी एक नवखी बाई बोरं घेऊन आली. गोणपाटाकडे बोट दाखवून तिने विचारलं, जागा रिकामी आहे का.

“नाय,” आई म्हणाली. “बाई यायची हाय.”

पेपरात दोन ओळी आल्या. अज्ञात वाहन, महिला ठार. गावातले शहाणे म्हणाले, बाईने नीट बघून ओलांडायला नको का?

मला अजून राग येतो.

डोक्यावर पाटी घेऊन बघा एकदा. चुंबळीवर एवढं ओझं असलं की मान वळत नाही. बाई रस्ता कानाने बघते. आणि पाटी मध्येच खाली ठेवता येत नाही, कारण परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. आमच्या बाया पिढ्यानपिढ्या अशाच चालत आल्या. रस्त्याचा आवाज बदललाय, हे त्यांना कुणी सांगितलं नाही; ते त्यांचं त्यांनाच कळायचं होतं.

आई त्यानंतर दर बाजारला ते गोणपाट अंथरत राहिली. बाजाराची पावती फाडणारा यायचा, बघायचा आणि पुढे जायचा.

थंडी सुरू झाली तेव्हा मावशीची सून आली. डोक्यावर तीच पाटी. कुठे बसायचं तिला माहीत नव्हतं, ती नुसती उभी राहिली. आईने तिला ओळखलं, पाटी उतरवून घेतली, गोणपाटावरची धूळ झटकली.

“बस. तुझ्या सासूचीच जागा हाय.”

मग विचारलं, “आली कुठून?”

“त्या फटीतूनच. दुसरीकडून लय लांब पडतं.”

तेव्हा आई रडली. भर बाजारात, पदर तोंडात कोंबून.

पुढच्या बाजारला तिने लसूण पलीकडच्या कांदेवाल्याच्या भरवशावर टाकला आणि हायवेवर गेली. फटीतून पलीकडे गेली. सुनेच्या डोक्यावरची पाटी खाली घेतली. एक कड हिने धरली, एक तिने.

दोघींच्या माना मोकळ्या.

दोन्हीकडे बघत, थांबत, त्यांनी ती पाटी अलीकडे आणली. पाटी जड होती आणि उशीरही झाला. मेथी सगळी खपली नाही.

गुडघे गेले तोवर आई दर बाजारला जात राहिली. आता तिथे पूल झालाय.

पारूमावशी, तुझी पाटी धरायला त्या दिवशी कुणी आलं नाही.

आता असशील तिथे ती खाली ठेव आणि बस जराशी.

नमस्कार करते.