जुईचं पुढचं वर्ष

ताई मला कामाच्या वेळात कधी फोन करत नाही. काही हवं असेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिते, तेही ‘सवडीने बघ’ अशी पुस्ती जोडून. त्यामुळे जुलैमधल्या त्या सकाळी मीटिंग चालू असताना तिचं नाव स्क्रीनवर आलं, मी कट केलं आणि ते लगेच पुन्हा आलं, तेव्हा मी मीटिंग सोडून उठले. बाहेर पॅसेजमध्ये जाऊन फोन उचलला. “जुई...” एवढंच ताई म्हणाली. मग तिच्या हातातून फोन घेऊन एक अनोळखी बाई अतिशय हळुवार इंग्रजीत बोलायला लागली. ती पोलीस होती. माझी भाची जुई, ताईची एकुलती एक मुलगी, केंब्रिजमध्ये सायकलवरून तिच्या लॅबकडे निघाली होती, आणि डावीकडे वळणाऱ्या एका लॉरीखाली सापडली. पंचविशीतली पोर. मी रेडिंगच्या ऑफिसातून मेडनहेडला ताईच्या घरी कशी पोचले ते मला आजही नीट आठवत नाही.

त्या दिवसापासून माणसं येतायत, फोन करतायत, आणि त्यातली निम्मी एकच वाक्य म्हणतात. “भरभरून जगली हो पोर.” सुरुवातीला मी मान हलवत होते. आता हलवत नाही. परवा इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या एका बाईंनी ते म्हटल्यावर मी त्यांना सरळ म्हटलं, “नाही हो, नाही जगली. जगू दिली नाही.” त्यांना वाटलं मी त्या लॉरीबद्दल बोलतेय. लॉरीवाल्याचं काय करायचं ते कोर्ट ठरवेल. माझा राग त्याहून जुना आहे, आणि जुई असताना तिनेच मला ‘सोड ना, मावशी’ म्हणून तो गिळायला लावला होता. आता ती सांगायला नाही. म्हणून लिहितेय.

जुई मेडनहेडलाच जन्मली आणि वाढली. लहानपणी कुणाच्या तरी वाढदिवसाला आइस रिंकवर गेली आणि परत आली ती बर्फाचं वेड घेऊनच. बाकीच्या मुली गोल गोल गिरक्या घेत असताना ही आइस हॉकीत शिरली, आणि त्यातही गोलकीपर झाली. एवढ्याशा अंगावर मोठाले पॅड, तोंडावर जाळी, आणि समोरून रबराची कडक चकती गोळीसारखी येणार. ताई डोळे मिटून घ्यायची. गोलकीपरांची एक सवय असते. गोलच्या चौकटीत उभं राहिलं की स्टिकने आणि ग्लोव्हने डावा खांब ठोकायचा, उजवा खांब ठोकायचा. टक, टक. म्हणजे मागे वळून न बघता आपण नेमके कुठे उभे आहोत ते कळतं. जुईला ती सवय इतकी लागली की ती घरात स्वयंपाकघराच्या दारातून आत येतानाही बोटांच्या पेरांनी चौकट ठोकायची. आधी डावीकडे, मग उजवीकडे.

आमची आई तेव्हा पहिल्यांदाच पुण्याहून ताईकडे राहायला आली होती. तिने हे पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. पुण्यातल्या सगळ्या नातेवाइकांना फोनवर सांगून झालं, “इंग्लंडात जन्मून पोर चौकटीला नमस्कार केल्याशिवाय स्वयंपाकघरात पाऊल टाकत नाही. नाहीतर तुमच्या सुना!” जुईला हे कळल्यावर ती इतकी हसली, की तिने आजीचा गैरसमज पुढची दोन-तीन वर्षं जपून ठेवला. शेवटी एकदा न राहवून खरं सांगितलं. “आजी, तो नमस्कार नाही. माझा सवय आहे, गोलवाला.” “माझी सवय,” आजीने आधी व्याकरण दुरुस्त केलं. मग खांब का ठोकतात ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “अगं, मग नमस्कारच झाला की तो.” त्या विषयावर पुन्हा चर्चा झाली नाही.

मँचेस्टरला युनिव्हर्सिटीत गेल्यावर ती तिथल्या टीममध्ये शिरली. तिथली मुलं तिला ‘जोई’ म्हणायची, कारण ‘जुई’ त्यांच्या जिभेवर बसेना. मुलामुलींची मिळून एकच टीम, आणि टीमला आधीच एक पक्का गोलकीपर होता. दुसऱ्या गोलकीपरला काय काम असतं ठाऊक आहे? तो बाकाच्या टोकाला बसतो आणि खेळाडू बर्फावरून आत-बाहेर करतात तेव्हा त्यांच्यासाठी रिंकभोवतीच्या फळीतलं दार उघडतो आणि लावतो. माझी भाची दोन वर्षं दार उघडत बसली. पूर्ण पॅड बांधून, घामेजून, दर मॅचला. मी एकदा बघायला गेले होते. थंडीने माझे दात वाजत होते, आणि ती प्रत्येक परत येणाऱ्याच्या पाठीवर थाप मारून काहीतरी बोलत होती. “कंटाळा नाही येत?” मी विचारलं. “माझ्या थर्ड इयरपर्यंत तो ग्रॅज्युएट होणार, मावशी. मग माझा टर्न.” तिचं तिसरं वर्ष म्हणजे कोविडचं वर्ष.

मला कुणी शिकवू नये की त्या दिवसांत माणसं मरत होती. ताई हॉस्पिटलात फार्मसिस्ट आहे. तिचा चेहरा मी काचेपलीकडून बघत होते, ती दारात पिशव्या ठेवून जायची तेव्हा. नियम नकोत असं मी कधीच म्हटलं नाही. पण नियम सगळ्यांना सारखे तरी असावेत! त्या शरदात टीमला थोडे दिवस बर्फ मिळाला. घरूनच पॅड बांधून यायचं, चेंजिंग रूम बंद, मास्क बर्फाच्या काठापर्यंत, कुणी कुणाला धडकायचं नाही. पोरांनी सगळं निमूट पाळलं. नव्या सीझनच्या जर्सी आल्या होत्या, आणि जुईने हट्टाने आपल्या पाठीवर ‘जोई’ नाही, ‘जुई’च छापून घेतलं होतं. मग रिंकला कुलूप लागलं. व्यावसायिक खेळाडू खेळू शकत होते, कारण ते ‘एलिट’. ही मुलं एलिट नव्हती. पबमध्ये मात्र बसता येत होतं, सोबत जेवण मागवलं की झालं. एक उकडलेलं अंडं खिम्यात गुंडाळून तळलं की ते जेवण होतं की नाही, यावर या देशाचे मंत्री टीव्हीवर वाद घालत होते. अंड्याची चिंता होती, पोरांची नव्हती.

जुई आणि तिची टीममधली मैत्रीण हॅना एकाच घरात राहायच्या, बाकीचे चौघेही टीममधलेच. मग त्यांनी घरामागच्या गल्लीतच खेळायला सुरुवात केली. बर्फ नाही, स्केट्स नाहीत, टेनिसचा चेंडू, आणि गोल म्हणजे मागचं लाकडी फाटक. जुई फोन कचऱ्याच्या डब्यावर उभा करून आम्हाला व्हिडिओ कॉल लावायची. विमानं बंद झाल्याने इथेच अडकून पडलेली आई ताईच्या घरून बघायची, मी माझ्या घरून. एके दुपारी कुणीतरी तक्रार केली आणि एक पोलीस आला. त्याने माणसं मोजली, सहा भरली, सगळी एकाच घरातली, मग त्याला डब्यावरच्या फोनमधून आमची आई दिसली. “Let her play!” आई ओरडली. तिच्या आयुष्यातलं पोलिसाशी बोललेलं ते पहिलं वाक्य. पोलिसाने गंभीरपणे विचारलं, “हा ऑर्गनाइज्ड स्पोर्ट आहे का?” त्यालाच बंदी होती ना! जुई जाळीआडून म्हणाली, “ऑफिसर, आमचा डिफेन्स बघितलात का तुम्ही?” तो हसला आणि निघून गेला. त्या वर्षभरात शहाण्यासारखं वागलेला तेवढा एकच सरकारी माणूस मला आठवतो.

वसंतात ईमेल आला. सीझन रद्द. खाली सगळ्यांचे आभार मानले होते, ‘रेझिलियन्स’बद्दल. हा शब्द तेव्हापासून माझ्या डोक्यात जातो. ज्याचं सगळं काढून घेतलं त्याला वर ‘किती सोशिक हो तुम्ही’ म्हणायचं! जुईने फोन केला. “मावशी, माझी सीझन कॅन्सल झाला.” त्या दिवशी तिला कुणी व्याकरण शिकवलं नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, “Everyone’s like, there’s always next year. पण next year मी नसणार ना. सगळे मला गणपतीसारखं send off करतायत. पुढच्या वर्षी लवकर या...” आणि हसली. मी नाही हसले.

उन्हाळ्यात रिंक उघडले. पोरांनी फक्त एक मॅच मागितली. एक दुपार, विद्यापीठाच्या जर्सीत, पास होऊन निघालेल्यांसाठी. विद्यापीठवाले नाही म्हणाले. मग मी, जुईला न विचारता, त्यांच्या स्पोर्ट्स ऑफिसला फोन लावला. पलीकडे एक सौजन्यमूर्ती मुलगा होता. आपण तिच्या कोण, असं त्याने विचारलं, आणि संतापात माझ्या तोंडून मराठीच गेलं, “मावशी.” तो म्हणाला, “सॉरी, हे क्लबमधलं पद आहे का?” “हो,” मी म्हटलं, “सगळ्यात वरचं.” त्याने बिचाऱ्याने ते कुठेतरी टाइपही केलं असावं. पण उत्तर तेच. ती आता विद्यार्थिनी नाही, तिला इन्शुरन्स लागू नाही. पुढच्या वर्षी मॅच बघायला मात्र तिने जरूर यावं. बघायला! दोन वर्षं जिने बाकावर बसून बघितलंच होतं, तिला. मी त्याला काय काय बोलले ते इथे छापण्यासारखं नाही. जुईला कळल्यावर ती आधी चिडली, मग पोट धरून हसली, आणि मग म्हणाली, “सोड ना, मावशी.”

लोक मला सांगतात, पण नंतर खेळली की ती. खेळली. केंब्रिजला नोकरी लागल्यावर रविवारी एका हौशी टीममध्ये उभी राहायची, गोलकीपर कुणालाही हवाच असतो. पण तहानेच्या वेळी काढून घेतलेलं पाणी दोन वर्षांनी दिलं म्हणून ती तहान भागली असं होत नाही. ज्यांच्यासाठी तिने दार उघडलं, त्यांच्यापुढे ती एकाही मॅचला चौकटीत उभी राहिली नाही. टीम पांगली, आणि ‘रीयुनियन मॅच करू’ असं दर वर्षी ठरायचं. कुणाचं लग्न, कुणाची बदली, मग पुढच्या वर्षी... तिने ते किती मनाला लावून घेतलं होतं, हे मला तिच्या बोलण्यातून नाही, न बोलण्यातून कळायचं. कॉलेजच्या दिवसांचा विषय निघाला की ती चहा करायला उठायची.

अंत्यविधीला ते सगळे आले. कुठून कुठून, रात्रभर गाड्या चालवून, अंगात तीच सीझन न पाहिलेली जर्सी घालून. मंडळातले एक ज्येष्ठ गृहस्थ माझ्या कानाशी कुजबुजले, “फ्युनरलला हे काय कपडे?” मी म्हटलं, “काका, ते तिचं गोत्र आहे.” दारातून आत येताना एकेकाने चौकट ठोकली. डावीकडे, उजवीकडे. माझ्या शेजारी बसलेली आई हळूच म्हणाली, “बघ, सगळी नमस्कार करून येतायत.” हॅना माझ्यापाशी आली, “यू आर द मावशी,” म्हणाली, “सगळ्यात वरचं पद.” मग तिने आणि बाकीच्यांनी जुईची जर्सी पेटीवर पसरली. ती जर्सी मी जवळून पाहिली. गोलकीपरच्या जर्सीवर चकतीचे काळे व्रण असतात, ओरखडे असतात, काही धुऊनही जात नाहीत. हिच्यावर एकही डाग नव्हता. सगळे रडत होते, आणि मला त्या स्वच्छ कापडाचा असा संताप आला की रडूच येईना.

यंदा गणपती बसवायचा नाही असं ताई म्हणत होती. आईने ऐकलं नाही. “सुतक फिटलंय. गणपती चुकवायचा नसतो. दीड दिवसाचा आणा.” आणला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मागच्या बागेत बादली ठेवली, आम्ही घरचेच चौघं. दरवर्षी ‘पुढच्या वर्षी’ जुई सगळ्यात मोठ्याने ओरडायची, शेजाऱ्यांनी कुंपणावरून बघेपर्यंत. भाऊजींनी, जुईच्या बाबांनी, मूर्ती पाण्यात सोडली आणि कसंबसं म्हटलं, “गणपती बाप्पा मोरया...” पुढचं कुणी म्हणेना. ताईने तोंडावर पदर धरला. मीही म्हणणार नव्हते, मेले तरी. शेवटी आईच बोलली, हात न जोडता, बादलीकडे बघत, पोलिसावर ओरडली होती त्याच आवाजात. “बाप्पा, पुढच्या वर्षीचं राहू दे. आधी माझ्या पोरीचं मागचं राहिलंय, ते बघ.”

मग तिने रिकामा पाट उचलला आणि घराकडे वळली. मी मदतीला पुढे झाले तर मला कोपरानेच बाजूला सारलं. स्वयंपाकघराच्या दाराशी ती थांबली. त्या चौकटीवर कमरेच्या उंचीला दोन्हीकडे रंग उडालाय, आणि ताईने तो पुन्हा लावू दिलेला नाही. आईचे दोन्ही हात पाटाला गुंतलेले. तिने डावं कोपर टेकवलं, मग उजवं. आणि आत गेली.