शांत बसायचं औषध

तिरोड्याच्या दवाखान्यातला तो कंपाउंडर मी एकदाच पाहिला. इंग्रजांचं राज्य होतं, मी दुसरीत होते. वर्गात मी सारखी उठायची, म्हणून मास्तरांनी आईला बजावलं होतं, की पोरीला औषध द्या, नाहीतर घरी ठेवा. डॉक्टरांनी चिठ्ठीवर ब्रोमाइड हे गुंगीचं औषध लिहून दिलं.

पण कंपाउंडरच एका जागी थांबेना. औषध मोजता मोजता तो खिडकीशी गेला, परत आला, बूच शोधू लागला. ते त्याच्याच दातांत होतं. बाटलीला डोसांच्या खुणांची पट्टी चिकटवतानाही त्याचा पाय हलत होता. मोठी माणसंही अशी असतात, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

आईनं विचारलं, "यानं पोरगी बसन का जी?"

"बसन." बाटली पुढं करता करता त्यानं हात मागं घेतला. "मले बी लहानपणी असंच औषध देत. सालभर चूप बसलो, बाई. पण त्या सालाचं मले काहीच आठवत नाही."

"मंग देऊ का नको?"

"डॉक्टरसाहेबानं लिहिलं, मी भरून देऊन राहिलो. पाजाचं तुमच्या हाती."

आईनं बाटली घरी आणून फळीवर ठेवली. बूच तिनं उघडलंच नाही. दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर शाळेत आली.

"पोरगी उभ्यानं लिहीन," ती मास्तरांना म्हणाली. "चालते का?"

मास्तरांनी मागच्या भिंतीकडं बोट दाखवलं. पुढं चौथीही मी तिथंच, उभ्यानं पास झाले.